सलीम अली, पक्षी आणि गोचिडी : माकडतापाचा माग काढणाऱ्या पक्षितज्ज्ञाची गोष्ट

हिवाळा सरत आला की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातून माकडतापाच्या बातम्या येऊ लागतात. याच दिवसांत आपल्याकडच्या तळ्यांवर आणि खाड्यांवर उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी मुक्कामाला असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात म्हणून लोक त्यांची सांगड घालतात. रुग्णासोबत आलेले नातेवाईक विचारतात की हे बाहेरचे पक्षीच आजार घेऊन येतात का? घराजवळ बगळे वस्तीला असतील तर ती झाडे तोडावीत का, असाही प्रश्न येतो.

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तो जागतिक आरोग्य संघटनेलाही पडला होता. त्याचे उत्तर शोधण्याचे काम ज्यांच्याकडे गेले ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, इतकेच काय, त्यांच्याकडे विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती. नावामागे लागणारे ‘डॉक्टर’ त्यांना पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिले. ते होते मुंबईचे सलीम अली. पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. पण एका तापाच्या शोधात त्यांनी आयुष्याची बारा-पंधरा वर्षे घातली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

डोकेदुखीचा मुलगा

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तैयबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी या सगळ्या पोरक्या मुलांना वाढवले. मामांना शिकारीची हौस होती, त्यामुळे लहानग्या सलीमच्या हातात छऱ्याची बंदूक लवकर आली. एकदा त्याने चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि एका मुलाचे आयुष्य तिथे वळले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांमुळे अनेकांना माहीत असते.

कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे हा मुलगा आजारी असे. तेराव्या वर्षाच्या आसपास त्याला सततची डोकेदुखी जडली. शाळा बुडू लागली. कोरड्या हवेत बरे वाटेल म्हणून त्याला सिंधमध्ये एका नातेवाईकाकडे पाठवले. असे खंड पडत पडत १९१३ मध्ये तो जेमतेम मॅट्रिक झाला. पुढे कॉलेजही अर्धवट राहिले आणि घरच्या खाण आणि लाकडाच्या धंद्यासाठी तो ब्रह्मदेशात गेला. धंदा जमला नाही, रानात भटकणे मात्र जमले. वरचेवर शाळा बुडणाऱ्या मुलांचे आईवडील आमच्याकडे काळजीने येतात, तेव्हा मला या मॅट्रिकची आठवण होते.

पदवी नसल्याचा फटका पुढेही बसला. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. याच प्रवासात हेलिगोलँड बेटावरच्या केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र पाहिले. पक्ष्याला इजा न करता पकडायचे, पायात क्रमांक कोरलेली हलकी धातूची कडी घालायची आणि सोडून द्यायचे. तो पक्षी पुन्हा कुठे सापडला की क्रमांकावरून त्याचा प्रवास कळतो. आपल्या गोष्टीत हे तंत्र फार महत्त्वाचे आहे, म्हणून एवढे सांगितले.

१९३० मध्ये परत आले तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि तोच त्यांचा पहिला मोठा शोध ठरला. नंतर संस्थानिकांच्या मदतीवर हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा ठिकठिकाणच्या पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. या भटकंतीत पत्नी तेहमिना सोबत असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली तेव्हा त्रेचाळीसचेही नव्हते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, बहिणीच्या घरी राहिले आणि कामात बुडून गेले. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक दोन वर्षांनी, १९४१ मध्ये आले.

क्यासनूरच्या जंगलातली मेलेली माकडे

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास वानरे आणि माकडे पटापट मरू लागली. त्याच वेळी जंगलात लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. अचानक जोराचा ताप, असह्य अंगदुखी, कुणाच्या हिरड्यांतून रक्त, कुणाच्या नाकातून. माकडे आणि माणसे एकदम आजारी पडतात म्हटल्यावर पहिली भीती होती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला हा आजार डासांतून पसरतो आणि तो भारतात कधीच आलेला नाही. तो शिरला असता तर हाहाकार झाला असता, कारण तो पसरवणारे डास आपल्या घराघरात आहेत.

पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथल्या मंडळींनी मेलेल्या माकडांतून आणि रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे भाऊबंद निघाले ते थेट रशियात, सैबेरियाच्या जंगलांत मेंदूज्वर घडवणारे विषाणू. आणि ते डासांतून नव्हे, गोचिडींतून पसरत होते. क्यासनूरच्या जंगलातही गोचिडीच सापडल्या. पुढे या आजाराला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी, हे नाव पडले. आपल्याकडे त्यालाच माकडताप म्हणतात.

आता कोडे असे होते, की सैबेरियातल्या विषाणूचा भाऊ हजारो किलोमीटर दूर मलनाडच्या रानात आला कसा? गोचीड स्वतः चार पावलेसुद्धा धड चालत नाही. मधे हिमालय आहे. हिमालय ओलांडून दरवर्षी सैबेरियातून भारतात येणारे असे आहे तरी कोण?

पक्षी. त्यांच्या पिसांखाली, डोळ्यांभोवती, कानाच्या बाजूला गोचिडींची पिल्ले चिकटलेली असतात, हे तर माहीतच होते.

डास आणि गोचीड यांत फरक काय?

इथे जरा थांबून हे समजून घ्यायला हवे, कारण रुग्णांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पक्ष्यांतून माणसांत येणारे काही विषाणू मुख्यतः डास पसरवतात. जपानी मेंदूज्वर हा त्यातला एक. त्याचा विषाणू बगळे, ढोकरी अशा पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो आणि क्युलेक्स डास तो माणसाला देतात. वेस्ट नाईल विषाणूही असाच. त्याच्या संसर्गाच्या खुणा भारतात प्रथम १९५२ मध्ये मुंबईतल्याच माणसांच्या रक्तात सापडल्या होत्या. पक्ष्याच्या रक्तात हा विषाणू थोडे दिवसच राहतो. मग त्याची प्रतिकारशक्ती जागी होते आणि विषाणू नाहीसा होतो. डासाचे आयुष्यही आठवड्यांत मोजायचे. मग पाऊस संपला, डास कमी झाले, की मधल्या कोरड्या महिन्यांत विषाणू टिकतो कुठे?

त्याचे एक उत्तर गोचिडीकडे बोट दाखवते. गोचीड महिनोन् महिने, काही जातींत तर वर्षानुवर्षे जगते आणि आयुष्यात मोजक्याच वेळा रक्त पिते. पिल्लू असताना घेतलेला विषाणू कात टाकल्यावरही तिच्या अंगात राहू शकतो. इजिप्तमध्ये कबुतरांच्या ढाबळीतल्या गोचिडींत वेस्ट नाईल विषाणू सापडला, तेव्हा लक्षात आले की डासांचा म्हणून ओळखला जाणारा विषाणूही गोचिडीच्या पोटात मुक्काम करू शकतो. घरटी आणि ढाबळी यांच्या फटींत राहणाऱ्या मऊ पाठीच्या गोचिडींतून तो एका पक्ष्याकडून दुसऱ्या पक्ष्याकडे जाऊ शकतो, हे प्रयोगशाळेतही दिसले. अर्थात यात गोचिडीचे काम राखणदाराचे. माणसाला वेस्ट नाईल होतो तो डास चावल्यामुळे, त्यामुळे बचाव करायचा तो डासांपासूनच.

माकडतापात मात्र उलटे आहे. तिथे मुख्य काम गोचिडीचेच, आणि डासांचा त्यात हात नाही.

जाळी, कड्या आणि रक्ताचे थेंब

सलीम अलींना कड्यांचा मोठा कार्यक्रम कधीपासून हवाच होता. भारतात १९२७ मध्ये धार संस्थानात त्याची छोटी सुरुवात झाली होती, पण सोसायटीची तिजोरी कायम रिकामी. स्वातंत्र्यानंतर तर संस्था बंद पडू नये म्हणून त्यांना थेट पंडित नेहरूंना पत्र लिहावे लागले होते. आता एका तापामुळे जागतिक आरोग्य संघटनेलाच पक्ष्यांच्या प्रवासात रस वाटू लागला. १९५९च्या सुमारास संघटनेच्या मदतीने पक्षी स्थलांतर अभ्यास प्रकल्प उभा राहिला. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड शिफरली यांनी येऊन तंत्र शिकवायला मदत केली. सलीम अली तेव्हा ६३ वर्षांचे होते. नोकरदार माणूस या वयात निवृत्त होऊन बसलेला असतो.

खरे सांगायचे तर त्यांना विषाणूपेक्षा पक्ष्यांचीच ओढ जास्त होती, असे मला वाटते. त्यात वावगे काही नाही. वैद्यकातले पुष्कळ ज्ञान असेच दुसऱ्याच कशाच्या ओढीने काम करणाऱ्या माणसांकडून आलेले आहे.

कच्छ आणि भरतपूरला, पुढे तमिळनाडूच्या पॉइंट कॅलिमरला छावण्या पडल्या. भरतपूरच्या केवलादेव घना तळ्यांवर थंडीत बदकांचे थवेच्या थवे उतरत. पकडण्याचे काम बिहारचे मीरशिकार करत. पिढ्यान् पिढ्या पक्षी धरून विकणे हा त्यांचा धंदा, आता तेच हात पक्षी जिवंत धरून सोडण्यासाठी कामाला आले. नजरेला न दिसणाऱ्या बारीक धाग्यांची जाळी पहाटे लावायची. अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, त्याचे वजन करायचे, पंख मोजायचे, पायात कडी घालायची. कडीवर क्रमांक आणि मुंबईचा पत्ता. मग पिसे फुंकून बाजूला करत गोचिडी शोधायच्या आणि चिमट्याने काढून लहान नळीत ठेवायच्या. रक्ताचा नमुना घ्यायचा. हे सगळे पुढे पुण्याच्या केंद्राकडे तपासणीला जाई. पुण्याची मंडळी स्वतः शिमोग्यातल्या सागर इथे क्षेत्रकेंद्र उघडून जंगलातली माकडे, उंदीर, पक्षी आणि गोचिडी तपासत होतीच.

१९७३ पर्यंत लाखाहून अधिक पक्ष्यांच्या पायांत कड्या पडल्या. सोव्हिएत संघातल्या शिकाऱ्यांकडून, संशोधकांकडून सापडलेल्या कड्यांची पत्रे मुंबईला येऊ लागली. भरतपूरला थंडी काढणारी बदके उन्हाळ्यात सैबेरियात आणि कझाकस्तानात असतात, हे आता अंदाजाने सांगायची गरज उरली नाही. पक्षी सैबेरियातून येतात, हा अर्धा भाग सिद्ध झाला.

दुसरा अर्धा भाग मात्र जुळेना. रशियातला तो विषाणू भारतात आणणारा पक्षी सापडला नाही, तशी गोचीडही सापडली नाही. मलनाडच्या रानात माकडताप पसरवणारी मुख्य गोचीड हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीची. ती तिथल्याच ओलसर जंगलाची रहिवासी आहे, सैबेरियातून आलेली पाहुणी नव्हे. पुढे जनुकीय अभ्यास झाले तेव्हाही दिसले, की माकडतापाचा विषाणू आणि त्याचे रशियन भाऊबंद फार पूर्वीच वेगळे झालेले आहेत. १९५७ साली कुणी पाखरू तो घेऊन आले, असे घडलेले नाही.

पक्ष्यांवर बसून गोचिडी लांब जातच नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या लहान पक्ष्यांवर गोचिडी समुद्र ओलांडतात, हे कैरोत काम करणारे गोचीडतज्ज्ञ हॅरी हूगस्ट्राल यांनी त्याच काळात दाखवून दिले होते. शंका रास्त होती. फक्त या आजारात ती खरी ठरली नाही.

मग माकडताप येतो कुठून?

जंगलातूनच, अगदी पायाखालच्या पाचोळ्यातून. गोचिडीची बारीक पिल्ले जमिनीवर फिरणाऱ्या उंदीर-घुशींचे, रानकोंबड्यासारख्या पक्ष्यांचे, माकडांचे रक्त पितात. रक्त पिऊन झाले की गळून पडतात, कात टाकतात आणि पुढच्या अवस्थेत पुन्हा गवताच्या टोकाशी वाट पाहत बसतात. ही मधली अवस्था मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. माणसाला चावते ती बहुधा हीच, आणि ती दिसतही नाही. मोठ्या झालेल्या गोचिडी गाईगुरांना धरतात. गुरांना हा आजार होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडींची पैदास वाढते. जंगल तोडून मधे वस्ती, शेती आणि चराई आली की गुरे, माकडे आणि माणसे एकाच पाचोळ्यात वावरू लागतात. म्हणजे इथले पक्षी गोचिडींची पिल्ले एका झाडीतून दुसऱ्या झाडीत नेतात, पण तो प्रवास थोड्या अंतराचा असतो.

माकड मात्र या विषाणूने मरते. ते झाडावरून पडले की त्याच्या अंगावरच्या विषाणूने भरलेल्या गोचिडी तिथेच आजूबाजूला पसरतात. म्हणूनच मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नका, त्या जागी जाऊ नका, आणि वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. गावासाठी ती धोक्याची पहिली घंटा असते.

डिसेंबर ते मे हा या तापाचा हंगाम. काजूच्या बागांत बोंडे गोळा करण्याचे, लाकूडफाटा आणण्याचे, पातेरा गोळा करण्याचे दिवसही हेच. जंगलाला लागून घर असेल तर या दिवसांत पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यात खोचलेली पँट आणि उघड्या अंगाला किडे दूर ठेवणारे मलम हवे. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात भिजवा आणि काखा, जांघा, कानामागे, कमरेचा पट्टा बसतो तिथे नीट पाहा. मुलांचे केस आणि मान घरातल्या मोठ्यांनी तपासावी.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, सावकाश ओढा. तिच्यावर रॉकेल ओतू नका, विस्तवाचा चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. त्याने तिच्या पोटातला द्रव उलट जखमेत जाण्याची भीती असते. नंतर जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप, डोके फुटेल असे दुखणे, कंबर आणि पोटऱ्यांत वेदना, उलट्या, डोळे लाल होणे असे सुरू झाले तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आणि गोचिडीचे आपणहून सांगा. डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्यासारखीच लक्षणे असल्याने हे सांगितले नाही तर माकडतापाची तपासणी सुचतच नाही. पहिल्या दिवसांत पीसीआर तपासणीने आणि नंतर रक्तातल्या प्रतिपिंडांवरून निदान होते. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी अंगदुखीची औषधे मात्र मनाने घेऊ नका, कारण या आजारात प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव वाढू शकतो. विषाणू मारणारे खास औषध अजून नाही. पाणी, क्षार, रक्तदाब सांभाळणे आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणे हाच उपचार, आणि वेळेत दाखल झालेले बहुतेक रुग्ण बरे होतात. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीन ते पाच आहे.

नातेवाईकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही रुग्णांत, दहातल्या एक-दोघांत, ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि मग तो उलटतो. या वेळी मान आखडणे, हात थरथरणे, बरळणे, दृष्टी अंधूक होणे अशी मेंदूची लक्षणे येऊ शकतात. ताप गेला म्हणून पुढची तपासणी चुकवू नका. हा आजार रुग्णाच्या श्वासातून किंवा स्पर्शातून घरच्यांना होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. कर्नाटकात पूर्वी दिली जाणारी लस फारशी प्रभावी न ठरल्याने आता वापरात नाही.

बदकांच्या मागे अमेरिका?

सलीम अलींकडे परत येऊ. १९७४च्या सुमारास त्यांच्यावर एक वेगळेच संकट आले. पक्षी प्रकल्पाला जागतिक आरोग्य संघटनेखेरीज अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाशी जोडलेल्या एका पाहणीतूनही पैसा मिळाला होता. शीतयुद्ध रंगात होते, व्हिएतनाम ताजे होते. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की पक्ष्यांच्या प्रवासाचा हा अभ्यास म्हणजे जैविक युद्धाची तयारी आहे, गोचिडी आणि विषाणू पक्ष्यांबरोबर शत्रूच्या मुलखात कसे पाठवता येतील हे अमेरिका शोधते आहे. त्याच झपाट्यात दिल्लीतला डासांवरचा एक संशोधन प्रकल्पही सापडला. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी पैशावरच्या अशा प्रकल्पांची चौकशी केली आणि कडक ताशेरे ओढले. डासांचा प्रकल्प १९७५ मध्ये बंदच पडला.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, स्वातंत्र्यापूर्वीपासून या देशाचे पक्षी मोजत आलेल्या माणसाला हे किती लागले असेल याची कल्पना करावी. त्यांनी आरोप ठामपणे फेटाळले. आज मागे वळून पाहताना मला दोन्ही बाजू समजतात. लष्कराचा पैसा घेताना तो कशासाठी दिला जातो, हे विचारायलाच हवे होते, आणि ते विचारणे लोकप्रतिनिधींचे कामच आहे. पण पक्ष्याच्या पायातल्या कडीत गुपित काहीच नव्हते. त्या कडीवर तर पत्ता लिहिलेला होता. या संशयाने नुकसान झाले ते असे, की पक्षी, गोचिडी आणि डास यांचा एकत्र अभ्यास करायला पुढे बराच काळ लोक बिचकले. निपाह, बर्ड फ्लू, वेस्ट नाईल यांच्या काळात अशाच अभ्यासाची गरज आपल्याला वारंवार भासते.

सलीम अली थांबले नाहीत. मधल्या काळात डिलन रिप्ली यांच्यासोबत भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला होता. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८० मध्ये कड्या घालण्याचे काम नव्याने सुरू झाले, तेव्हा ८३ वर्षांचे सलीम अली पुन्हा त्याच्या मागे उभे होते. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आले. त्याच्या नावात ती लहानपणीची चिमणी आहे.

शेवटची वर्षे प्रोस्टेटच्या कर्करोगाशी झगडण्यात गेली. वयस्क पुरुषांत हा आजार बराच आढळतो आणि पुष्कळदा तो सावकाश वाढतो. लघवीच्या तक्रारी वयाच्या नावावर ढकलणाऱ्या घरातल्या आजोबांना एकदा तपासणीला न्यायला यानिमित्ताने आठवण करून देतो. २० जून १९८७ रोजी मुंबईत, नव्वदाव्या वर्षी, सलीम अली गेले. पुढे गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव मिळाले.

ते गेले तेव्हा माकडताप कर्नाटकातल्या शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरताच होता. २०१३ मध्ये तो केरळात वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात आढळला. नकाशावर ही ठिकाणे जोडली तर जी रेघ उमटते ती सह्याद्रीची आहे. सैबेरियातून येणाऱ्या बदकांची वाट वेगळी, ती भरतपूरच्या कड्यांनी दाखवलेली आहे.